‘बॅट घेऊन वर ये!’

प्रश्न : माझा मुलगा साडेआठ वर्षांचा, तिसरीत आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो. संध्याकाळी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला जातो आणि आठवड्यातून तीन-चारदा तरी रडत वर येतो. तक्रार तीच : मोठी मुलं मधेच नियम बदलतात, डबा ऐसपैसमध्ये राज्य सारखं त्याच्यावरच येतं, काही बोलला की ‘रडीचा डाव’ म्हणून चिडवतात. कधी ढकलाढकलीही होते. विचारलं तर ‘गंमत करत होतो काकू’ म्हणतात. मागच्या वर्षीपर्यंत असं काही नव्हतं, हसतखेळत वर यायचा. परवा तर पहिल्याच बॉलला त्याला आउट दिलं. बॅट आमचीच. मी गॅलरीतून ओरडले, ‘बॅट घेऊन वर ये!’ आला, पण दोन दिवस माझ्याशीच नीट बोलला नाही. ह्यांचं म्हणणं, हा टाइमपास बंद करून त्याला क्रिकेट अकॅडमीत घालू. तिथे शिस्त असते, भांडणं नसतात. सोसायटीतही पार्किंगमध्ये खेळायला बंदी घालायचं चाललंय. चार वर्षांची धाकटीही आता दादाच्या मागे खाली जायला लागली आहे. सासरे म्हणतात, पोरं अशीच मोठी होतात. मला खरंच विचारायचंय : असल्या खेळातून मुलांना, किंवा माणसांना म्हणा, असं काय मिळतं की त्यासाठी रोजचं रडणं सहन करावं?

– एक आई, डोंबिवली

उत्तर :

नमस्कार ताई,

अकॅडमीचं नंतर बोलू. आधी बॅटचं.

योहान हुइझिंगा नावाचे एक डच इतिहासकार होते. मध्ययुगाचे अभ्यासक. खेळ आणि संस्कृती या विषयावर त्यांनी 1938 साली एक ग्रंथ लिहिला आणि त्यात मोठाच दावा केला : माणूस आधी सुसंस्कृत झाला आणि मग फावल्या वेळात खेळायला लागला, असं नाही, कोर्टातले वादप्रतिवाद, कविता, सणसमारंभ, लढाईचे संकेतसुद्धा खेळातूनच आकाराला आले. काही ठिकाणी ते फार ताणतात असं मला वाटतं. पण त्यांचं एक निरीक्षण थेट तुमच्या गॅलरीत येऊन बसतं. खेळात चीटिंग करणारा आणि खेळच मोडणारा, या दोघांपैकी चीटिंग करणाऱ्याला लोक पुष्कळ सांभाळून घेतात. कारण त्याला निदान त्या खेळात जिंकायचं तरी असतं. आउट असून ‘नाही, बॅट लागलीच नव्हती’ म्हणणारा पोरगा आउट होण्याला किंमत देतो, म्हणून तर खोटं बोलतो. बॅट उचलून निघणारा मात्र सगळ्यांना सांगतो की हा सगळा पोरखेळ आहे, खरी गोष्ट एवढीच की बॅट माझी. तिथे डाव संपतो, आणि ज्यांनी तासभर त्या आखलेल्या क्रीजवर विश्वास ठेवला त्यांना वेड्यासारखं वाटतं.

चीटिंग करणाऱ्याला मुलं दुसऱ्या दिवशी हाक मारतात. बॅट नेणाऱ्याला हाक मारतात तेव्हा बॅटीला मारतात. तुमचा मुलगा दोन दिवस तुमच्याशी का बोलला नाही, ते यात आलं. पहिल्या बॉलला आउट होणं त्यानं रात्रीपर्यंत पचवलं असतं. त्याच्या वतीनं डाव तुम्ही मोडलात, आणि दुसऱ्या दिवशी खाली तोंड त्याला दाखवायचं होतं.

तुम्ही चिडून ओरडलात याचं मला नवल नाही. आपलं पोर रडताना कोणती आई हुइझिंगा आठवत बसेल! पण पुढच्या वेळी ओरडावंसं वाटलं तर आत जाऊन कुकर लावा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात : ‘मागच्या वर्षीपर्यंत असं काही नव्हतं.’ मला वाटतं सगळी मेख तिथे आहे. मागच्या वर्षीपर्यंत तो लिंबूटिंबू असणार. तुमच्याकडे कच्चा लिंबू म्हणत असतील. म्हणजे सगळ्यांबरोबर धावायचं, ओरडायचं, लपायचं, पण सापडलं तरी राज्य यायचं नाही, आउट झालं तरी बॅटिंग जायची नाही. कोणत्याही क्रीडासंघटनेच्या नियमपुस्तकात ही तरतूद नाही, आणि महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत ती आहे. ज्याला अजून खेळता येत नाही त्याला घरी बसवायचं नाही, आणि त्याच्यापायी खेळाची मजाही घालवायची नाही, हे कोडं पोरांनी पोरांपुरतं सोडवून टाकलेलं आहे. तुमच्या धाकटीची काळजी म्हणूनच मला फारशी वाटत नाही. तिची सोय तिथे आधीच आहे.

लेकाची ती सवलत यंदा गेली. आता तो मोजला जातो. त्याच्यावर राज्य येतं, कारण तो आता खरा भिडू आहे. त्याला हे कोणी समजावून सांगितलेलं नाही, म्हणून त्याला वाटतं की कालपर्यंत प्रेमानं वागणारी दादालोकं आज अचानक दुष्ट झाली. आज रात्री हे त्याला सांगा. ‘तू आता लिंबूटिंबू नाहीस म्हणून असं होतंय’ या वाक्यानं साडेआठ वर्षांच्या मुलाची छाती किती फुगते ते बघा.

डबा ऐसपैसचं म्हणाल तर त्या खेळाची रचनाच लहानाला जड जाणारी आहे. शोधायला लांब जावं तर मागून येऊन कोणी डबा उडवणार, डब्याशी थांबावं तर कोणी सापडणार नाही. पाय लहान असले की राज्य चिकटतं. यात कोणाचा कट नसतो. ‘ओळीनं तीनदा राज्य आलं की पुन्हा चकायचं’ असा नियम तो सुचवू शकतो. पण डाव सुरू होण्याआधी. तिसऱ्यांदा राज्य आल्यावर सुचवलं तर ती रडीच झाली, आणि मुलं चिडवणारच.

आधी आणि मग, यातला हा फरक त्याला कळत नाहीये, आणि तो त्याच्या वयाचा भाग आहे. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास केला. गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्ये जाऊन तो म्हणे, ‘मला खेळता येत नाही, शिकवा.’ मग हळूच विचारायचा, हा नियम कोणी केला? बदलला तर चालेल का? 1932 साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. लहान मुलं म्हणत, नियम मोठ्यांनी केलेत, पूर्वीपासून आहेत, ते बदलणं म्हणजे पाप. आणि गंमत म्हणजे तीच मुलं खेळताना स्वतः ते धड पाळत नसत. दहा-बारा वर्षांची मुलं म्हणत, सगळे कबूल असतील तर बदला की. तुमचा मुलगा या दोन टप्प्यांच्या मधोमध उभा आहे. मोठ्या मुलांनी ‘आज पार्किंगमध्ये गाड्या जास्त आहेत, गाडीला लागला तर आउट’ असं आपसात ठरवलं, की ती मनानं पुढे गेलेली असतात, आणि हा अजून कालच्या नियमाला धरून ‘हे चीटिंग आहे’ म्हणून रडतो. कधी ते चीटिंग असेलही. बरेचदा ती दुरुस्ती असते, फक्त त्याला न विचारता केलेली.

(याच पियाजेला मुलींच्या खेळांत नियमांचा काथ्याकूट कमी दिसला होता. त्यानं आपल्याकडचा सागरगोट्यांचा डाव पाहिला नव्हता, दुसरं काय! गोटी हलली की नाही हलली यावर दुपार संपायची.)

हा काथ्याकूट कसा चालतो ते एकदा कान देऊन ऐका. गेल्या गणपतीआधी आमच्या इमारतीखाली मंडपाचे बांबू उभे राहिले आणि पोरांची पिच दोन बांबूंच्या मधे आली. एकानं मारलेला बॉल बांबूला आपटून उडाला आणि दुसऱ्यानं एका हातानं झेलला. खेळ थांबला. बॉलर म्हणाला, भिंतीला लागून एकहाती कॅच आउट असतो, मग बांबूला लागून का नाही? बॅट्समन म्हणाला, भिंत रोज असते, बांबू आजच आलाय. तिसरा म्हणाला, भिंत हलत नाही, बांबू हलतो. एक दोन वेण्या घातलेली मुलगी, जी तोवर फक्त बॉल आणून द्यायला होती, ती म्हणाली, बांबू मंडळाचा आहे, तो कोणाच्याच टीममध्ये नाही, बांबूला लागला तर तो बॉल धरायचाच नाही. हे सगळ्यांना पटलं. मग बॉलर म्हणाला, चालेल, पण पुढच्या बॉलपासून, आत्ताचा आउट. यावर पुन्हा गदारोळ. शेवटी ठरलं की नियम नवा असल्यामुळे या बॉलचा आउट द्यायचा नाही, पण रनही द्यायची नाही. बॉल नव्यानं टाकला गेला. वयं आठ ते तेरा. एकही मोठा माणूस मधे नव्हता. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न इतक्या शहाणपणानं सुटलेला मी पाहिलेला नाही.

मोठ्यांचे खेळही असेच घडले. आज टीव्हीवर दिसणारी कबड्डी एका ठरावीक रूपात आकाशातून पडलेली नाही. हुतूतू गावोगाव वेगळा खेळला जाई, आणि मुख्य मतभेद होता तो बाद झालेल्या गड्याचं काय करायचं यावर. संजीवनी प्रकारात समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी पुन्हा उठून आत यायचा. गामिनीत एकदा मेलेला बाहेरच. सगळा संघ बाद होईपर्यंत त्यानं बसून राहायचं. अमरमध्ये गडी मरायचाच नाही, नुसता गुण मोजला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या क्रीडामंडळांनी नियमांची बांधणी केली; अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिक दाखवलं; 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. आणि या सगळ्या प्रवासात टिकला तो संजीवनीचा नियम, हरलेल्याला परत येऊ देणारा. मला हे फार आवडतं. प्रेक्षकांना रंगतदार वाटतो म्हणून टिकला असेल, हेही मान्य. पण हरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न समाजाला खेळाच्या मैदानाबाहेरही पडतोच, आणि मैदानात तो चुकीचा सुटला तरी कोणाचं काही बुडत नाही. उद्या दुसऱ्या पद्धतीनं खेळून बघता येतं.

‘काय मिळतं’ याचं माझं उत्तर साधारण या बाजूचं आहे. व्यायाम, चपळाई, भूक लागणं हे आहेच, त्यावर मी शाई घालवत नाही. खाली तुमचा मुलगा असलेल्या नियमाखाली जगायला, तो बदलून मागायला आणि मनाविरुद्ध लागलेला निकाल गिळून पुढचा बॉल खेळायला शिकतोय. हे शिकताना रडू येतं.

ढकलाढकलीबद्दल वेगळं लिहिते, कारण तिथे तुमची शंका रास्त आहे. ग्रेगरी बेटसन हे मानववंशशास्त्रज्ञ 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात माकडं बघत उभे होते. दोन पिल्लं एकमेकांना चावत होती, पण चावत नव्हती. बेटसनना प्रश्न पडला : ‘हे खोटं आहे’ हे ती एकमेकांना कसं कळवतात? तुमच्या गल्लीतलं कुत्रं हे रोज करतं. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचं बूड वर करतं, की समोरच्याला कळतं, आता जे गुरगुरेन ते मनावर घेऊ नकोस. मुलांचीही अशी खूण असते. चेहरा बघा. खोट्या मारामारीत तोंड उघडं आणि हसरं असतं, वर-खाली होण्याची पाळी बदलत राहते, आणि संपल्यावर दोघं तिथेच एकत्र राहतात. खऱ्या मारामारीत ओठ आवळलेले असतात, एकच मुलगा सतत खाली असतो आणि सुटल्याबरोबर तो लांब जातो. तुमच्या मुलाच्या बाबतीत रोज दुसरं चित्र दिसत असेल, तेच दोघं-तिघं त्यालाच गाठत असतील, खेळात घेतच नसतील किंवा आडनावावरून, अंगावरून बोलत असतील, तर तो खेळ नाही आणि तिथे सासऱ्यांचं ऐकू नका. सरळ खाली उतरा आणि त्या मुलांच्या आयांशी बोला.

माणसांना काय मिळतं, असंही तुम्ही विचारलंत. फ्रेंच विचारवंत रोजे कायवा यांनी 1958 साली खेळांचे चार प्रकार पाडले : चढाओढ, नशीब, सोंग आणि गरगरणं. चौथा प्रकार वाचताना त्यांच्या लोकांना जत्रेतलं चक्र आठवत असेल, आपल्याला फुगडी आठवते. श्रावणातली मंगळागौर घ्या. फुगडी कोण जास्त वेळ घालतं याची चढाओढ, गरगरणं, आणि सोंगही : सासू-सुनेचं भांडण. दिवसभर मान खाली घालून वावरणारी नवी सून त्या रात्री चारचौघींत कंबरेवर हात ठेवून सासूची नक्कल करायची, आणि खरी सासू भिंतीला टेकून हसत बघायची. भोंडल्याच्या गाण्यांतही माहेरी जायचं म्हटलं की एकेक काम काढणारी सासू आहे. शिमग्याच्या सोंगांत तेच, पाटलाची टर उडवायची मुभा. ‘खेळात म्हटलं’ एवढ्या शब्दांत सगळं माफ. यानं काही बदललं का, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर : सकाळी पाणी सुनेनंच भरलं. वाफ निघून गेली आणि घर तसंच राहिलं, असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण असहमत नाही. तरी ज्या गोष्टीचं नाव काढायची चोरी होती, ती निदान एका रात्री सगळ्याजणींनी मिळून मोठ्यानं म्हटली. प्रत्येकीला कळलं की हे फक्त आपल्याच घरी नाही. हेही थोडं नाही.

आता अकॅडमी. मुलाला स्वतःला हवी असेल तर जरूर घाला. बॅट कशी धरायची, पाय कसा टाकायचा, हे तिथे नीट शिकवतील. पण ह्यांना सांगा की तिथे भांडणं नसतात, कारण भांडण सोडवायला सर असतात. आउट सर देणार, पाळी सर लावणार, आणि आपली पाळी येईपर्यंत रांगेत बऱ्यापैकी वेळ उभं राहायचं. ते क्रिकेटचं शिक्षण आहे, पार्किंगचा पर्याय नव्हे. आठवड्यातून दोन दिवस अकॅडमी आणि उरलेले दिवस खाली, हे जमू शकतं. उलटं करू नका.

रडत वर आला की ‘कोणी केलं?’ असं विचारू नका. ‘नियम काय ठरला होता?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एक नाव असतं, आणि तुम्ही त्या नावाच्या आईवर चिडता. दुसऱ्या प्रश्नाला त्याला डाव पुन्हा आठवावा लागतो, आणि निम्म्या वेळा सांगता सांगताच त्याला कळतं की काय झालं. उद्या खाली गेल्यावर पहिल्यांदा ‘आज काय काय आउट?’ हे विचारायची सवय लावा. एवढं पुरे. पंच व्हायला जाऊ नका, गॅलरीतून तर मुळीच नको. आणि बॅट खालीच राहू दे. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू देतात का बघा, म्हणजे ती कोणाची हा प्रश्नच येत नाही.

राहिली सोसायटीची बंदी. मुलांना खेळण्याचा हक्क आहे असं संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, 31 व्या कलमात स्पष्ट लिहिलंय आणि भारतानं तो करार 1992 मध्ये स्वीकारला आहे. सभेत हे सांगायला हरकत नाही, पण नुसत्या कलमानं सेक्रेटरी विरघळतील असं वाटत नाही. त्यांचं खरं दुखणं काचा, गाड्यांचे आरसे आणि तळमजल्यावरच्या आजोबांची दुपारची झोप हे असणार, आणि ते खोटं नाही. पाच ते सात वेळ, रबरी बॉल, फक्त अंडरआर्म, गाड्यांच्या ओळीकडे मारला तर आउट, असं काहीतरी निघेल. पण हे तुम्ही ठरवून नेऊ नका. पोरांना सांगा कागदावर लिहून काढायला, आणि सभेला त्यांच्यातले दोघं घेऊन जा. शक्य तर एक मोठा आणि एक तुमच्या मुलाएवढा. आजोबांनाही आधीच भेटा, झोप कितीला संपते ते विचारून घ्या.